शब्दसृष्टि, चित्रसृष्टि आणि खेळगडी

मुलांच्या खेळांविषयीं वडील माणसांची तक्रार ही कांहीं नवीन गोष्ट नव्हे. पतंग, पत्ते, क्रिकेट आणि सिनेमा ह्या सर्वांवर आपापल्या काळीं वेळ दवडल्याचा आरोप येऊन गेला आहे, आणि आज तोच आरोप संगणकावरील व मोबाईलवरील खेळांवर येतो. ही तक्रार खोटी असते असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. परंतु ती करतांना बहुधा एकच प्रश्न विचारला जातो : किती वेळ? तासांचा हिशेब घेणें सोपें, म्हणून तोच घेतला जातो. चीनच्या सरकारनें २०२१ सालीं अठरा वर्षांखालील मुलांस ऑनलाइन खेळांसाठीं शुक्रवार, शनिवार, रविवार व सुटीच्या दिवशीं रात्रीं आठ ते नऊ एवढा एकच तास मोकळा ठेविला, तो ह्याच हिशेबाचा सरकारी अवतार होय.

पण जे खेळ अनेक माणसें एकत्र येऊन खेळतात, त्यांच्याविषयीं वेळेहून महत्त्वाचा असा दुसरा प्रश्न आहे. खेळणारा ह्या खेळांत ज्यांना भेटतो, तीं त्याच्या दृष्टीनें माणसें असतात, कीं नुसतीं हलणारीं बाहुलीं? ह्याचें उत्तर शोधावयाचें तर ह्या खेळांच्या दोन पिढ्या शेजारीं शेजारीं ठेवून पाहाव्या लागतात. पहिली पिढी केवळ शब्दांची होती. दुसरी चित्रांची आहे. पहिलीचें नांवही आज बहुतेकांस ठाऊक नसल्यामुळें प्रथम तिची हकीकत थोडक्यांत सांगणें अवश्य आहे.

१९७५-७६ च्या सुमारास अमेरिकेंत विल क्राउदर नांवाच्या एका संगणकतज्ज्ञानें आपल्या मुलींसाठीं एक खेळ रचला. क्राउदरला गुहा धुंडाळण्याचा नाद होता. केंटकी संस्थानांतील प्रसिद्ध मॅमथ गुहेंत तो हिंडला होता, आणि तीच गुहा त्यानें शब्दांत उभी केली. पडद्यावर चित्र म्हणून कांहीं नसे. तुम्ही कोठें उभे आहां, समोर काय दिसतें, वाट कोणीकडे जाते, हें सांगणारीं चार-दोन वाक्यें येत. खेळणाऱ्यानें 'उत्तरेस जा', 'दिवा घे' असे एक-दोन शब्द टंकावे, आणि यंत्रानें पुढचीं वाक्यें दाखवावीं. १९७७ सालीं स्टॅनफर्ड येथील डॉन वुड्स ह्यानें त्यांत पुष्कळ भर घातली, व 'ॲडव्हेंचर' ह्या नांवानें हा खेळ एका विद्यापीठांतून दुसऱ्यांत असा पसरत गेला. मात्र तो एकट्याचा खेळ होता. त्या गुहेंत दुसरा जिवंत मनुष्य भेटण्याचा संभव नव्हता.

तो संभव इंग्लंडांत एसेक्स विद्यापीठांत उत्पन्न झाला. १९७८ सालीं रॉय ट्रबशॉ ह्या विद्यार्थ्यानें अनेकांना एकाच वेळीं प्रवेश करतां येईल असें एक शब्दमय जग रचण्यास आरंभ केला. त्याचा सहाध्यायी रिचर्ड बार्टल त्यास येऊन मिळाला, आणि १९८० पासून त्या जगाची सर्व जबाबदारी बार्टलकडे आली. 'मल्टि-यूजर डंजन' म्हणजे अनेकांचें तळघर असें त्याचें नांव होतें. आद्याक्षरें जुळवून लोक त्यास 'मड' म्हणत, आणि पुढें ह्या जातीच्या सर्व खेळांस तेंच नांव पडलें. १९८९ सालीं अमेरिकेंत कार्नेगी मेलन विद्यापीठांत जेम्स ॲस्पनेस ह्यानें 'टायनीमड', त्याच वर्षीं स्वीडनमध्यें लार्स पेन्शो ह्यानें 'एलपीमड', आणि त्यानंतर लवकरच कोपनहेगन विद्यापीठांतील विद्यार्थ्यांनीं 'डिकूमड' रचला. हे आराखडे फुकट मिळत असल्यामुळें थोड्याच वर्षांत असे शेंकडों खेळ निरनिराळ्या देशांतील यंत्रांवर चालूं लागले.

ह्या खेळांत मनुष्य कसा दिसे? तो दिसतच नसे. अमुक आला, अशी एक ओळ पडद्यावर उमटे. त्यानें कांहीं टंकलें कीं 'अमुक म्हणाला' असें लिहून त्याचे शब्द पुढें येत; त्यानें हसण्याची खूण केली कीं 'अमुक हसला' एवढेंच वाक्य दिसे. त्याचें रूप पाहावयाचें म्हटलें तर त्यानें स्वतः लिहून ठेविलेलें वर्णन वाचावें लागे. ज्याला सुंदर व्हावयाचें असेल त्याला सुंदर लिहितां येणें भाग होतें, आणि विनोदी म्हणून मिरवावयाचें तर खरोखरच विनोद सुचावा लागे.

आतां शब्द आणि चित्र ह्यांतील भेद पाहूं. जर्मन पंडित लेसिंग ह्यानें १७६६ सालीं आपल्या 'लाओकून' ह्या ग्रंथांत काव्य व चित्र ह्यांच्या मर्यादा आंखून दिल्या आहेत. चित्र वस्तूंना एकाच क्षणीं शेजारीं शेजारीं मांडतें. काव्य घटना एकामागून एक सांगतें. आमच्याकडील साहित्यशास्त्रकारांनीं ह्या प्रश्नाची निराळी बाजू पाहिली. नवव्या शतकांत आनंदवर्धनानें ध्वनीचें तत्त्व मांडलें तें असें कीं, काव्याचा आत्मा उघड सांगितलेल्या अर्थांत नसून त्यांतून सुचणाऱ्या अर्थांत असतो. सुचणें ही क्रिया ऐकणाऱ्याच्या मनांत घडते. म्हणूनच काव्याला सहृदय लागतो. 'तुम्ही एका अंधाऱ्या जिन्याच्या तोंडाशीं उभे आहां. खालून पाण्याचा आवाज येतो' एवढेंच वाचल्यावर पायऱ्या किती, त्या दगडी कीं मातीच्या, पाणी वाहतें कीं साचलेलें, हें सर्व वाचणाऱ्यालाच पुरवावें लागतें, आणि तो तें आपल्या आठवणींतून पुरवितो. कोंकणांतील मुलाच्या मनांत जें पाणी उभें राहील तें लंडनच्या मुलाच्या मनांत राहणार नाहीं. ज्यांनीं दशावतारी नाटक पाहिलें आहे त्यांस हें निराळें सांगावयास नको. तेथें एक साधें बाकडें हेंच राजाचें सिंहासन असतें, आणि सोन्याच्या सिंहासनावांचून प्रेक्षकांचें कांहीं अडत नाहीं.

तथापि एवढ्यावरून शब्द श्रेष्ठ व चित्र कनिष्ठ असा निकाल देण्यास आम्ही तयार नाहीं. डोळा हें कांहीं हलक्या दर्जाचें इंद्रिय नव्हे. आजच्या चित्रमय खेळांतील एखादें नगर, तेथील संध्याकाळ, डोंगरमाथ्यावरून दिसणारी दरी ह्यांत खरी कला असते, आणि तिच्यामागें शेंकडों चित्रकारांचे व संगीतकारांचे श्रम असतात. उलट मडांतील शब्द सर्वत्र काव्यमय होते असेंही नाहीं. कित्येक वर्णनें विद्यार्थ्यांनीं घाईनें लिहिलेलीं, रुक्ष व पुनरुक्तीनें भरलेलीं असत. शिवाय त्या लोकांनीं शब्द मुद्दाम पसंत केले असेंही म्हणतां येत नाहीं. त्या काळच्या यंत्रांस व तारांस चित्रांचें ओझें पेलत नव्हतें, म्हणून ते शब्दांवर राहिले. आणि गरिबीमुळें साधें जेवणाऱ्याला संयमाचें श्रेय देतां येत नाहीं. तेव्हां कल्पनाशक्तीला व्यायाम मिळतो एवढ्याच कारणास्तव जुन्या खेळांची स्तुति करणें हा अर्धा न्याय होईल. तसा व्यायाम चांगली कादंबरीही देते. मडाचें खरें वैशिष्ट्य निराळें आहे, आणि तें दुसऱ्या माणसाच्या संबंधांत पाहावें लागतें.

त्या जगांत शब्दांवांचून दुसरा मनुष्य अस्तित्वांतच येत नसे. जो बोलला नाहीं तो नुसतें एक नांव. त्याचा वर्ण, वय, पोषाख, कूळ किंवा शारीरिक व्यंग ह्यांपैकीं कांहींच कळण्यास मार्ग नव्हता. कळे तें त्याचें बोलणें आणि त्याची करणी. बार्टल ह्यानें पुढें स्पष्टच सांगितलें आहे कीं, जन्मावरून माणसाचा दर्जा ठरविणाऱ्या इंग्रजी समाजाविषयींची नाराजी ह्या रचनेच्या मुळाशीं होती. माणसाची किंमत त्याच्या वर्तनावरून व्हावी असें जग त्याला हवें होतें. आंधळीं माणसें ह्या खेळांत डोळसांच्या बरोबरीनें खेळूं शकतात. पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारें साधन एवढेंच त्यांस पुरतें. ज्या खेळांत सर्व कांहीं चित्रांत आहे तेथें त्यांच्यासाठीं निराळी सोय मुद्दाम करावी लागते, आणि ती पुष्कळदां केलेली नसते.

परंतु जेथें रूप लपतें तेथें ओळखही लपते. प्लेटोच्या 'रिपब्लिक' ह्या ग्रंथाच्या दुसऱ्या भागांत गायजीसच्या आंगठीची कथा आहे. आंगठी फिरविली कीं ती घालणारा मेंढपाळ अदृश्य होई. ही शक्ति हातीं येतांच त्यानें राणीला वश केलें, राजाला मारलें आणि राज्य बळकाविलें. कोणी पाहत नसतां मनुष्यानें नीतीनें कां वागावें, हा त्या कथेंतील प्रश्न आहे. टोपणनांवानें खेळणाऱ्या प्रत्येकाच्या बोटांत ती आंगठी असते. १९९६ सालीं बार्टल ह्यानें मडांतील खेळाडूंचे चार वर्ग सांगितले : कमाईसाठीं खेळणारे, शोधासाठीं खेळणारे, संगतीसाठीं येणारे, आणि दुसऱ्यांस त्रास देण्यांतच आनंद मानणारे. हा चौथा वर्ग पहिल्या दिवसापासून होता. शब्दांचें जग म्हणजे सत्ययुग होतें असें जे आज सांगतात, त्यांस हें विसरून चालणार नाहीं.

ह्याचें एक उदाहरण प्रसिद्ध आहे. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रांत पाव्हेल कर्टिस ह्यानें १९९० सालीं 'लॅम्डामू' नांवाचें शब्दमय जग सुरू केलें. तेथें जिंकणें-हरणें नव्हतें. एक मोठा वाडा होता. लोक त्यांत येत, आपापल्या खोल्या शब्दांनीं बांधीत आणि गप्पा मारीत. १९९३ सालीं ह्या वाड्याच्या दिवाणखान्यांत एका खेळाडूनें असें एक साधन वापरलें कीं, त्याच्या योगानें दुसऱ्यांच्या नांवावर, त्यांनीं न केलेल्या कृति पडद्यावर उमटाव्या. त्या साधनानें त्यानें कांहीं पात्रांची सर्वांदेखत अत्यंत बीभत्स विटंबना लिहून दाखविली. त्याच वर्षाच्या अखेरीस जूलियन डिबेल ह्या लेखकानें न्यूयॉर्कच्या 'व्हिलेज व्हॉइस' पत्रांत ही हकीकत प्रसिद्ध केली. कोणाच्या अंगाला नखही लागलें नव्हतें. तरी ज्यांची विटंबना झाली त्यांपैकीं एका स्त्रीच्या डोळ्यांतून, आपला निषेध टंकीत असतां, खरोखरीचे अश्रु वाहत होते असें त्यानें नमूद केलें आहे. पुढें रहिवाशांची सभा भरली. हे केवळ शब्द आहेत, असें कोणी म्हणाले; शब्दांखेरीज येथें दुसरें आहेच काय, असें इतरांनीं विचारलें. सभा निर्णयावांचून उठली. मग एका व्यवस्थापकानें आपल्याच जबाबदारीवर त्या पात्राचें नांव पुसून टाकलें. त्यानंतर कर्टिसनें रहिवाशांना अर्ज व मतदान ह्यांच्या द्वारें स्वतःचे नियम करण्याची सोय करून दिली. पुसला गेलेला खेळाडू कांहीं दिवसांनीं दुसरें नांव घेऊन परत आला, हेंही सांगितलें पाहिजे.

ह्या प्रकरणाचा अर्थ आमच्या मतें असा. शब्दमय जग निष्पाप नव्हतें. किंबहुना जेथें मनुष्य शब्दांतच राहतो तेथें शब्दाची जखम अधिक खोल जाते. परंतु तेथें घडलेल्या दुष्कृत्याला साक्षीदार होते, दुखावलेल्यांना बोलण्यास जागा होती, आणि 'आतां आपण काय करावें' हा प्रश्न बाकीच्यांस टाळतां आला नाहीं. ह्याचें कारण त्या लोकांची विशेष सज्जनता हें नव्हे. त्यांस उद्यां पुन्हा त्याच वाड्यांत, त्याच मंडळींत यावयाचें होतें. गांवच्या पाणवठ्यावर कोणी घाण केली तर सारा गांव जमतो. धर्मशाळेंत एका रात्रीपुरता उतरलेला प्रवासी सकाळीं निघून जातो. नीतीचे नियम करण्याची गरज ज्याला मुक्काम करावयाचा आहे त्यालाच भासते.

चित्रमय जगांचा उदय ह्याच वंशांतून झाला. १९८६ सालीं लुकासफिल्म कंपनीनें 'हॅबिटॅट' हा प्रयोग केला होता. पण ह्या जातीच्या खेळांचा खरा विस्तार १९९७ सालच्या 'अल्टिमा ऑनलाइन', १९९९ सालच्या 'एव्हरक्वेस्ट' आणि २००४ सालच्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' ह्यांनीं केला. ह्यांच्या रचनाकारांपैकीं कित्येक जण मडांतच वाढलेले होते. शेवटच्या खेळाचे वर्गणीदार २०१० सालीं एक कोटि वीस लाखांवर गेल्याचें त्याच्या चालकांनीं जाहीर केलें. आरंभींच्या ह्या चित्रमय खेळांत जुन्या जगाचा एक गुण टिकून होता. 'एव्हरक्वेस्ट'मध्यें लढाईनंतर शक्ति भरून येईपर्यंत नुसतें बसून राहावें लागे. ही रिकामी मिनिटें अनेकांस कंटाळवाणीं वाटत. परंतु त्याच मिनिटांत लोक बोलत, एकमेकांच्या घरची विचारपूस करीत, ओळखी जुळत. एकट्यानें फारसें कांहीं साधत नसल्यामुळें सोबती शोधावे लागत, आणि ज्याचें वागणें वाईट त्याला पुढच्या वेळीं सोबत मिळत नसे.

डिसेंबर २००९ मध्यें 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्यें एक नवी सोय आली. खेळाडूनें एक कळ दाबावी, यंत्रानें निरनिराळ्या वस्त्यांतून चार अनोळखी सोबती आणून उभे करावे, मोहीम आटोपावी, आणि पांचही जणांनीं बहुधा पुन्हा न भेटण्यासाठीं पांगावें. ज्यांस दिवसाकाठीं अर्धाच तास मोकळा मिळतो त्यांच्यावर ह्या सोयीनें उपकार केले, हें नाकारतां येत नाहीं. परंतु 'आमच्याबरोबर येतां कां?' हें वाक्य मात्र तिनें अनावश्यक करून टाकलें. २०१७ सालीं प्रसिद्धीस आलेल्या 'पब्जी' व 'फोर्टनाइट' ह्या खेळांनीं हीच रीति शेवटास नेली. शंभर माणसें एका बेटावर उतरतात, एकमेकांस मारतात, शेवटीं उरेल तो जिंकतो, आणि दुसऱ्या डावाला नवे शंभर. आमच्याकडे 'पब्जी'चें नांव घरोघरीं झालें. २०२० सालीं सरकारनें देशाच्या सुरक्षिततेच्या कारणावरून त्यावर बंदी घातली, व पुढच्या वर्षीं जवळजवळ तोच खेळ निराळ्या नांवानें परत आला.

कोणी म्हणतील, आजचे खेळाडू तर कानाला यंत्र लावून एकमेकांशीं प्रत्यक्ष बोलतात. मग शब्द कोठें गेला? आक्षेप रास्त आहे. शाळेंतील चार मित्र संध्याकाळीं आपापल्या घरून एका टोळींत खेळतात व त्यांची मैत्री त्यांतून घट्ट होते, हें आम्ही पूर्णपणें मान्य करतों. पण तेथें मैत्री खेळाबाहेर अगोदरच जमलेली असते. अनोळखी माणसांच्या डावांत जें बोलणें होतें तें बहुतेक आज्ञेचें किंवा शिवीचें असतें, आणि शिवी देणाऱ्याला ठाऊक असतें कीं, ज्याला ती दिली तो वीस मिनिटांनीं नाहींसा होणार आहे. शब्द राहिला, पण त्याची जबाबदारी गेली. स्त्रियांना तर पुष्कळदां आपला आवाज ऐकूं जाऊं नये म्हणून मौन धरावें लागतें. रूप लपविणाऱ्या जुन्या जगांत त्यांस निदान बोलतां तरी येत होतें.

ह्यांत पैशाचा हात किती, हेंही पाहिलें पाहिजे. जुनें जग निर्लोभ होतें अशी समजूत चुकीची आहे. १९८५ सालीं 'आयलंड ऑफ केस्माय' हा खेळ खेळण्यासाठीं कॉम्प्युसर्व्ह कंपनी मंद तारेवर ताशीं सहा व जलद तारेवर ताशीं बारा डॉलर आकारीत असे. विद्यापीठांतील मड फुकट होते तें यंत्र दुसऱ्याचें होतें म्हणून. मात्र जो व्यापारी तासावर पैसे घेतो त्याला खेळाडूनें रेंगाळावें, गप्पा माराव्या असेंच वाटणार. आज पुष्कळ खेळ प्रवेशाला पैसा घेत नाहींत. ते पोषाख, शस्त्रें आणि आंत काय आहे हें न कळणाऱ्या बंद पेट्या विकतात. अशा कांहीं पेट्या म्हणजे जुगारच होय असें बेल्जममधील जुगार-नियंत्रण मंडळानें २०१८ सालीं ठरविलें. अशा व्यापारांत दुसरा खेळाडू हा मुख्यतः आपला पोषाख पाहणारा प्रेक्षक होऊन बसतो.

कांट ह्या तत्त्ववेत्त्यानें १७८५ सालीं असें प्रतिपादिलें कीं, मनुष्याला केवळ साधन म्हणून कधींही वापरूं नये. त्याला त्याच वेळीं साध्यही मानावें. 'केवळ' हा शब्द येथें महत्त्वाचा आहे. बुद्धिबळांतील प्रतिस्पर्धी हा आमच्या करमणुकीचें साधन असतोच. परंतु डाव मांडण्यापूर्वीं त्याला विचारावें लागतें, तो विचार करीत असतां थांबावें लागतें, आणि तो हरला तर त्याचा चेहरा पाहावा लागतो. ह्या तीन लहान गोष्टी त्याला केवळ साधन होऊं देत नाहींत. मडांत चेहरा नव्हता, पण विचारणें व थांबणें होतें. आजच्या पुष्कळ चित्रमय खेळांत चेहरा रंगविलेला असतो, आणि विचारणें व थांबणें हीं गैरसोय म्हणून काढून टाकलेलीं असतात. म्हणजे दोष चित्राचा नव्हे. ज्या रचनेंत एका माणसाच्या जागीं दुसरा आला तरी कांहींच बिघडत नाहीं, त्या रचनेचा तो दोष होय.

चित्रमय जगांतही हें टाळतां येतें, ह्याला नॉर्वेमधील मॅट्स स्टीन ह्या तरुणाची हकीकत साक्ष आहे. स्नायु क्षीण करणारा असाध्य रोग त्याला जन्मतःच होता, आणि २०१४ सालीं वयाच्या पंचविसाव्या वर्षीं तो वारला. अखेरचीं वर्षें त्यानें बहुतांशीं 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' खेळण्यांत घालविलीं होतीं, आणि आपला मुलगा एकाकी राहून गेला असें त्याच्या आईबापांस वाटत होतें. त्याच्या मृत्यूची वार्ता वडिलांनीं त्याच्या लेखनाच्या पानावर दिली, तेव्हां निरनिराळ्या देशांतून अनोळखी माणसांचीं पत्रें येऊं लागलीं; त्यांपैकीं कांहीं जण अंत्यविधीसाठीं नॉर्वेला आले. त्या खेळांत 'इबेलिन' ह्या नांवानें वावरणारा हा तरुण कोणाच्या दुःखांत बोलत बसला होता, तर एकमेकांपासून दुरावलेल्या एका आई-मुलाला त्यानें संवादाची वाट दाखविली होती. तो कांहीं देवदूत नव्हता. कांहीं मित्रांना त्यानें दुखविलेंही होतें, व आपला आजार बराच काळ लपविला होता. त्याच्या जीवनावर २०२४ सालीं एक बोलपट निघाला. तो काढतां आला ह्याचें कारण असें कीं, त्याच्या संघांतील मंडळींनीं खेळतांना एकमेकांस लिहिलेले हजारों पृष्ठांचे शब्द जपून ठेविले होते. चित्र होतें तें त्या शब्दांभोवतींचें घर होतें. त्या घरांत तींच तींच माणसें वर्षानुवर्षें एकत्र येत, आणि इबेलिन आला नाहीं तर तो आला नाहीं हें त्यांच्या ध्यानांत येई.

आम्हांस वाटतें, ह्या खेळांची परीक्षा करण्याची कसोटी येथें सांपडते. एखाद्या दिवशीं आपण गेलों नाहीं तर आपली उणीव कोणाला भासेल काय? आणि कोणी आलें नाहीं तर आपणांस भासेल काय? ज्या खेळांत ह्याचें उत्तर होकारार्थी आहे, तेथें वादी-प्रतिवादी, मैत्री, अपराध आणि क्षमा ह्या सर्वांना जागा आहे, मग पडद्यावर नुसतीं अक्षरें असोत कीं सोन्याचीं नगरें. जेथें तें नकारार्थी आहे, तेथें शंभर जणांच्या गर्दींतही मनुष्य एकटाच खेळत असतो, आणि आपल्या एकटेपणाची जाणीवही त्यास होत नाहीं. तासांचा हिशेब आईबापांनीं अवश्य ठेवावा; डोळे, झोंप आणि अभ्यास ह्यांसाठीं तो ठेवलाच पाहिजे. पण त्याबरोबर मुलाला त्याच्या खेळगड्यांचीं नांवें विचारावीं, आणि तीं सांगतांना तो त्यांच्याविषयीं आणखी काय काय सांगूं शकतो, तें लक्षपूर्वक ऐकावें.